कखडीचं शेत कुणी कसेना

प्रश्न : भाऊसाहेब, द्राक्षबागेच्या सातबाऱ्यावरची एक नोंद दुरुस्त करून घेता घेता माझी दोन वर्षं गेली. मुलगा परीक्षेसाठी सातवाहन वाचतोय. त्याने विचारलं, त्या राजांचा कारभार कसा चालायचा? तेव्हाही कागद असाच फिरायचा का? मला काही सांगता आलं नाही.
– एक बागायतदार, तासगाव

उत्तर : फिरायचा, आणि चुकायचासुद्धा. माझी सगळी नोकरी तलाठ्याची. निवृत्त होऊन कराडात बसलो तरी इतिहास मला फेरफाराच्या वहीतूनच दिसतो, तेवढं समजून घ्या.

नाशिकच्या पांडवलेण्यांत तीन नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे दोन हुकूम कोरलेले आहेत. पहिला त्याच्या राज्याच्या 18व्या वर्षाचा. राजा सैन्याच्या तळावर आहे. तिथून तो नाशिकजवळच्या गोवर्धनच्या अमात्याला, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्याला, विष्णुपालिताला, कळवतो की पश्चिम कखडी गावातलं 200 निवर्तनं (निवर्तन म्हणजे जमिनीचं तेव्हाचं माप) शेत डोंगरावरच्या भिक्षूंना द्या. हे शेत आधी ऋषभदत्ताकडे होतं. ऋषभदत्त म्हणजे शक राजा क्षत्रप नहपानाचा जावई, त्या घराण्याचा गौतमीपुत्राने पाडाव केला होता. हुकूम तोंडी निघाला, शिवगुप्त नावाच्या अमात्याने तो लिहिला, तापस नावाच्या माणसाने बजावला. खाली तारीख : पावसाळ्याचा दुसरा पंधरवडा, पहिला दिवस.

सहा वर्षांनी, 24व्या वर्षी, त्याच भिंतीवर दुसरा हुकूम. अमात्य बदललेला, आता श्यामक. आधी त्याचं क्षेमकुशल विचारलंय, मग मुद्दा : आम्ही कखडीत पूर्वी शेत दिलं, पण 'त च खेत न कसते, सो च गामो न वसति.' याला भाषांतर लागतं का? शेत कुणी कसत नाही, गाव वसत नाही. तेव्हा नगराच्या शिवेवर आमच्या मालकीचं जे शेत आहे, त्यातली 100 निवर्तनं द्या. 200 चे 100 झाले, पण राजाने आपल्या खाजगीतले काढून दिले.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला नोकरीतला एक दिवस आठवला. धरणग्रस्तांना वाटलेली जमीन दाखवायला गेलो होतो. कागदावर जिरायत, जागेवर मुरूम आणि घायपात. सोबतचा म्हातारा म्हणाला, "भाऊसाहेब, हितं नांगर न्हाई चालायचा, सुरुंग लावाय लागंल." मी मान डोलावली आणि पंचनाम्यावर त्याचा अंगठा घेतला.

कारभाराची उतरंड अशी : राज्याचे भाग म्हणजे 'आहार', आहारावर अमात्य. आपल्याकडच्या प्रांतसाहेबांसारखं समजा. सामान्य कुणब्याला सरकार कसं भेटायचं, ते भिक्षूंना दिलेल्या सवलतींवरून ताडता येतं. या शेतात सरकारी माणसांनी शिरायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, मीठ खणायचं नाही, मुलखाच्या अंमलदारांनी दखल द्यायची नाही. सूट मुद्दाम कोरावी लागली, म्हणजे बाकीच्या शिवारात हे सगळं चालत असणार!

तुमचं सोसायटीचं कर्ज असेलच, म्हणून व्याजाचंही सांगतो. त्याच डोंगरात ऋषभदत्ताचा लेख आहे. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायाच्या संघाकडे, 2,000 कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचा मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, द्यायचे. हिशोब करून बघा : महिन्याला 20, वर्षाचे 240, आणि वीस गुणिले बारा तेवढेच. दुसऱ्या श्रेणीकडे 1,000, पाऊण टक्क्याने. मुद्दल कधी परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं. व्यवहार नगरसभेत वाचून दाखवला आणि फळ्यावर नोंदवला. विणकरांवर इतका विश्वास होता, हे मला राजाच्या विजयांपेक्षा मोठं वाटतं.

आमच्या कराडचं नावही दगडावर आहे, आणि तो दगड पार मध्य प्रदेशातला. भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर करहाकट निगमाचं, म्हणजे अख्ख्या कराड नगरीचं, दान नोंदलंय. गावकीने वर्गणी काढून पाठवली म्हणा ना.

प्रश्न : राजा स्वतःला आईच्या नावाने का ओळखवतो? राज्य बायकांचं होतं का?
– एक शिक्षिका, वाई

उत्तर : नाही. गादी पुरुषांकडेच जायची. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र ही नावं आईच्या गोत्रावरून. पण आईचा शब्द कारभारात चालायचा. वर सांगितलेला 24व्या वर्षाचा हुकूम राजाचा आणि राजमातेचा मिळून आहे, आणि त्यावर लोटा नावाच्या प्रतिहारी, म्हणजे द्वारपाल, बाईचं नाव आहे. नाशिकला गेलात तर व्हरांड्यात मान वर करून बघा, मुलींनाही दाखवा. बॅटरी मात्र घरून न्या.