अंदमानात गॅस सापडला, मग पुण्यात सीएनजी स्वस्त कधी होणार?

इतक्यात नाही. गॅस लागला हे खरं, पण किती आहे ते पहिल्या चाचणीत कळत नसतं.

मी वेल टेस्टिंगमध्ये, म्हणजे तेल-गॅसच्या विहिरींच्या चाचणीत, काम केलंय, आता कोथरूडला असतो. सीएनजीच्या रांगेत हाच प्रश्न कानावर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सप्टेंबर २०२५ मध्ये ऑइल इंडियाच्या अंदमानजवळच्या समुद्रातल्या श्री विजयपुरम-२ विहिरीत गॅस असल्याचं जाहीर झालं. तिथे समुद्र २९५ मीटर खोल, विहीर २,६५० मीटरची. पहिल्या चाचणीत फ्लेअर, म्हणजे बाहेर आलेला गॅस जाळतात ती ज्वाळा, अधूनमधून पेटत होता. लोक ज्वाळा बघतात, पण आमचं लक्ष दाबाकडे असतं.

चाचणीत आधी केसिंगला, म्हणजे विहिरीतल्या पोलादी नळीला, भोकं पाडून विहीर वाहू देतात, आतला चिखल-पाणी निघून जातं. मग चोक टप्प्याटप्प्याने मोठा करत प्रवाह मोजतात. चोक म्हणजे ठरावीक व्यासाचं छिद्र, इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजलेलं. खरी कसोटी त्यानंतर. विहीर बंद करायची आणि तळाच्या गेजवर दाब परत कसा चढतो ते तासन्‌तास टिपायचं. ड्रिलिंगच्या चिखलाने विहिरीलगतचा खडक बुजला असेल, तर तेही त्याच आलेखात दिसतं. अशी विहीर कमी वाहते म्हणून सोडून देणं ही घोडचूक. पण चढता चढता दाब मूळ आकड्याच्या खालीच अडकला, की काळजात धस्स होतं. एवढ्याशा गॅसने दाब उतरला, म्हणजे कप्पाच लहान असण्याची शक्यता. मग ज्वाळा कितीही उंच गेलेली असो.

शिवाय एका विहिरीवरून साठ्याचा पसारा कळत नाही. म्हणून अप्रेझल विहिरी, म्हणजे साठा किती पसरलाय ते तपासायच्या विहिरी, खोदतात, त्यातली एखादी मुद्दाम उताराच्या बाजूला, गॅस संपून पाणी कुठे लागतं ते बघायला. तिथे नुसतं पाणी लागलं तरी ती विहीर वाया गेली असं मी कधीच म्हणणार नाही. साठ्याची हद्द तीच दाखवते.

आणि गॅस सापडल्यावरही तो बाहेर यायला वर्षं जातात. अरबी समुद्रातलं वसईचं गॅसक्षेत्र १९७६ मध्ये सापडलं, उत्पादन १९८८ मध्ये सुरू झालं. पूर्व किनाऱ्यालगतच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-६ ब्लॉकमध्ये गॅस २००२ ला सापडला, बाहेर आला २००९ ला, आणि २०१० नंतर उत्पादन अंदाजापेक्षा कितीतरी लवकर घसरलं.

त्यामुळे पुण्यातल्या दराचा हिशेब सध्या अंदमानवर मांडू नका. पुढची बातमी आली की तीन गोष्टी शोधा: कोणत्या चोकवर किती प्रवाह मिळाला, विहीर बंद केल्यावर दाब कुठवर चढला आणि पुढची विहीर पहिलीपासून किती लांब खोदली.