वर्षाला तेरा पेन

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इचलकरंजीत शिक्षिका आहे. वय 46, उंची 156 सेंटिमीटर, वजन 91 किलो. बीपीची गोळी तीन वर्षांपासून चालू आहे, साखर काठावर आहे आणि गुडघ्यांमुळे शाळेचा जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. डॉक्टरांनी वजनाचं इंजेक्शन सुचवलंय, वेगोव्ही. मेडिकलवाले म्हणाले, ‘महिन्याला दहा-अकरा हजार धरा.’ मिस्टरांचे यंत्रमाग आहेत, धंदा सध्या मंद आहे, मुलगी इंजिनिअरिंगला. तेवढे पैसे मी कसेबसे काढीन. पण खरंच तेवढेच लागतात का? आणि मार्च 2026 नंतर स्वस्त होणार असं जो तो म्हणतोय, तर थांबू का?
– एक शिक्षिका, इचलकरंजी

उत्तर : नमस्कार. तुमच्या मेडिकलवाल्यांनी खोटं सांगितलं नाही, पण अर्धंच सांगितलं. मी कोल्हापुरात 26 वर्षं औषधांच्या दुकानात उभी आहे, आणि या इंजेक्शनांच्या बाबतीत हे ‘अर्धं’ फार महागात पडताना पाहिलंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

10,850 रुपये ही वेगोव्हीच्या सगळ्यात लहान, म्हणजे 0.25 मिलिग्रॅमच्या पेनाची नोव्हेंबर 2025 मधली किंमत. हे औषध पोटाला सवय लागावी म्हणून पायरीपायरीने चढवतात. चार आठवडे 0.25, मग 0.5, मग 1, मग 1.7 आणि शेवटी 2.4. पायरीबरोबर किंमतही चढते. शेवटच्या पायरीच्या पेनाचा तेव्हाचा भाव 16,400 रुपये. जून 2025 मध्ये हे औषध भारतात आलं तेव्हा तेच पेन 26,015 रुपयांना होतं. नोव्हेंबरमध्ये कंपनीने भाव उतरवले.

आता दुसरी गोष्ट, जी बिलावर कुठेच लिहिलेली नसते. पेन चार आठवड्यांचं असतं, महिन्याचं नाही. तुमचा पगार महिन्याला होणार आणि पेन 28 दिवसांनी संपणार. वर्षाचे आठवडे 52, म्हणजे पेन 12 नाही, 13 लागतात. 2.4 वर स्थिरावलात तर 13 गुणिले 16,400, म्हणजे त्या भावाने वर्षाला 2,13,200 रुपये. सगळ्यांनाच वरच्या पायरीपर्यंत जावं लागतं असं नाही, काहींचं खालच्या डोसवर भागतं. ते डॉक्टर ठरवतील. पण घरी हिशेब मांडताना वरचा आकडा धरून मांडा.

तुमच्या शाळेत कुणी मौंजारोचं नाव काढेल. ते औषध वेगळं, टिर्झेपाटाइड. मार्च 2025 मध्ये ते कुपीत आलं, एका आठवड्याची 2.5 ची कुपी 3,500 रुपये आणि 5 ची 4,375. ऑगस्टमध्ये त्याचं पेन आलं, चार आठवड्यांचं, डोसप्रमाणे 14,000 ते 27,500 रुपये. सप्टेंबरअखेर औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्याने शंभरामागे सहा-सव्वासहा रुपये उतरले. सर्वांत वरच्या डोसला तेवढ्याने काय होणार!

आणि ‘किती महिने?’ हे तुम्ही विचारलंच नाहीत. खर्चाचं सगळं गणित तिथे आहे. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडची मोठी चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन उतरलं. तुमच्या 91 किलोंवर ते साडेतेरा किलोच्या आसपास होईल. गुडघ्यांना आणि बीपीला त्याचा मोठा आधार मिळू शकतो, म्हणून तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्यच वाटतो. पण त्याच चाचणीतल्या काही लोकांनी औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं सरासरी दोन तृतीयांश वजन परत आलं. तेव्हा हा सहा महिन्यांचा कोर्स नव्हे. बीपीची गोळी घेता तसं हे औषध आहे, घेता तोवरच भूक आवरतं.

एक बाई डोळ्यांसमोरून हलत नाहीत. 2025 च्या मेमध्ये त्या पहिल्यांदा मौंजारोच्या कुप्या घ्यायला आल्या. भिशीचं पाकीट काउंटरवर ठेवलं, पाचशेच्या नोटा दोनदा मोजल्या आणि चार कुप्या घेऊन गेल्या. पुढे पुढे त्या दोनच कुप्या मागू लागल्या. मला वाटलं, पैसे जमतील तसं नेतायत. गणपतीच्या सुमारास कळलं की आठवड्याचं इंजेक्शन त्या बारा-तेरा दिवसांनी घेत होत्या. दर वेळी मळमळ नव्याने, डोस वाढवायची तर सोयच नाही. दिवाळीला बंद केलं. आठ किलो उतरले होते, संक्रांतीला तिळगूळ द्यायला आल्या तेव्हा पाच परत आले होते. त्या म्हणाल्या, ‘सुरू करताना कुणी विचारलंच नाही, झेपेल का म्हणून.’ मीही विचारलं नव्हतं. तेव्हापासून पहिलं पेन देण्याआधी मी बिलाच्या मागे 13 चा हिशेब लिहून देते. काही जण तो वाचून परत जातात. जाऊ देत.

विम्यावर भिस्त ठेवू नका. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत ‘लठ्ठपणा, वजन नियंत्रण’ असं वगळलेल्या गोष्टींचं कलम असतं, एक्सक्लुजन 06. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया ठरावीक अटींवर विम्यात बसते, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) किमान 40, किंवा किमान 35 आणि सोबत गंभीर आजार वगैरे. घरी घ्यायच्या इंजेक्शनांना सहसा काही मिळत नाही. तुमचा बीएमआय 37 च्या वर आहे. शस्त्रक्रियेचं नाव काढलं की बायका घाबरतात, पण डॉक्टरांना निदान विचारून घ्या. एकदाच्या मोठ्या खर्चाची दर वर्षीच्या दोन लाखांशी तुलना करायला काय हरकत आहे?

आता मार्चचं. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च 2026 पर्यंतचं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या त्याआधीपासूनच तयारीत. भाव नेमका किती उतरेल यावर मी पैज लावणार नाही, पण आधी काय झालं ते काउंटरवरून पाहिलंय. मधुमेहाच्या सिटाग्लिप्टिनचं पेटंट जुलै 2022 मध्ये संपलं आणि सप्टेंबरात जनऔषधी केंद्रात 50 मिलिग्रॅमच्या 10 गोळ्या 60 रुपयांना मिळू लागल्या. याच घराण्यातल्या लिराग्लुटाइडची भारतीय आवृत्ती जानेवारी 2024 मध्ये आली, तेव्हा 1.2 मिलिग्रॅमचा रोजचा डोस साधारण 100 रुपयांवर आला. टिर्झेपाटाइडचं पेटंट मात्र वेगळं आहे, त्याचा मार्चशी संबंध नाही.

तुमच्या जागी मी असते तर डॉक्टरांना सरळ म्हटलं असतं, ‘दोन महिने थांबलं तर चालेल का?’ ते हो म्हणाले तर थांबा. आज ओढाताणीत सुरू करून श्रावणात बंद पडण्यापेक्षा उशिरा सुरू झालेलं आणि चालू राहिलेलं बरं. मधल्या काळात रक्ताच्या तपासण्या उरका. थायरॉइडच्या कॅन्सरचा घरात इतिहास, स्वादुपिंडाची सूज, पित्ताशयातले खडे, यातलं काही असेल तर ते आत्ताच सांगा. जेवणात डाळ, अंडी, दही वाढवा, कारण वजनाबरोबर स्नायूही झिजतात. बीपीची गोळी मात्र एक दिवसही चुकवू नका.

स्वस्त पेनं आली की गल्लोगल्ली मिळतील. चिठ्ठी न बघता देणाऱ्याकडून घेऊ नका, बॅच नंबर असलेलं बिल मागा, आणि दुकानदाराचा फ्रिज बघायला लाजू नका. हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. फ्रीझरला चिकटून गोठलं की फेकायचं. कोल्हापूरहून एसटीने नेणार असाल तर आइसपॅक मागा, मी कुणालाही देते. पण पेन आणि पॅक यांच्यामध्ये जाड रुमाल ठेवा.

प्रश्न : माझा भाऊ न्यू जर्सीला असतो. मे महिन्यात येताना आईसाठी वेगोव्ही आणतो म्हणतोय. तिकडे स्वस्त पडेल ना?
– म्हापसा, गोवा

उत्तर : नाही पडणार. अमेरिकेत चार आठवड्यांच्या वेगोव्हीची छापील किंमत 1,349 डॉलर होती. विम्याशिवाय रोख घेणाऱ्यांसाठी कंपनीने नोव्हेंबर 2025 मध्ये ती 349 डॉलरवर आणली. तेही आपले तीस हजारांच्या पुढे जातात, इथे त्याच महिन्यात सगळ्यात मोठं पेन 16,400 वर आलं. भावाच्या विम्यावर मिळत असेल तर ते त्याच्या नावच्या चिठ्ठीवरचं औषध झालं, आईंना ते द्यायचं नाही. आणि कुठल्या वेबसाइटवरून मागवत असेल तर आजच फोन करून थांबवा. बनावट ओझेंपिक (मधुमेहासाठीचं सेमाग्लुटाइड) ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने जून 2024 मध्ये इशारा दिला होता. आईंना आधी म्हापशातच डॉक्टरांना दाखवा. त्यांचं वय, वजन, आजार तुम्ही कळवलेलं नाही. ते लिहून पाठवा, पुढच्या अंकात उत्तर देते.