ज्यू शिकवणीतून रोजच्या जगण्यात श्रद्धा आणि आशा कशी मिळते?
ग्रंथांपासून सुरुवात करू नका, आधी शनिवार बघा. शुक्रवारी सूर्यास्ताआधी दिवे लागले की शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत काम बंद म्हणजे बंद. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींचे, म्हणजे तिथल्या ज्यू समाजाचे, तेलाचे घाणे शनिवारी थांबायचे, म्हणून गावानं नावच पाडलं, 'शनवार तेली'. पोटापाण्याचा धंदा एक दिवस सोडायचा, तर उद्याचं भागेल हा भरवसा लागतोच. (नुसता उपदेश ऐकून तो येत नाही, असं माझं मत.) नवस फेडताना ते एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सोबत फळं. आणि सकाळी डोळे उघडताच 'मोदे अनी' ही छोटी प्रार्थना, आत्मा परत दिलास म्हणून देवाचे आभार. त्यातल्या शेवटच्या शब्दांचा अर्थ काही जण 'देवाचा आपल्यावरचा विश्वास' असाही लावतात.