−३ + जे४ चा कोन: कॅल्क्युलेटर −५३.१३° दाखवतो, मग पुस्तकात १२६.८७° कसा?

तुमचा प्रश्न असा: −३ + जे४ (जे म्हणजे −१ चं वर्गमूळ; −३ हा आडवा भाग, ४ हा उभा) पोलर रूपात, म्हणजे लांबी आणि कोन अशा रूपात, नेताना लांबी ५ बरोबर येते, पण उभा भाग भागिले आडवा भाग करून टॅन इन्व्हर्स (टॅनच्या किमतीवरून कोन) केलं की कोन −५३.१३° येतो आणि पुस्तकाच्या मागे १२६.८७° दिलाय. ही छपाईची चूक आहे का? नाही. पुस्तक बरोबर आहे, आणि कॅल्क्युलेटरही बिघडलेला नाही. गडबड भागाकारात झाली आहे.

४ ला −३ ने भागलं की −१.३३३ येतं. आता −४ ला ३ ने भागून बघा, तेही −१.३३३. उणे चिन्ह वरच्या आकड्याचं होतं की खालच्या, ही माहिती भागाकारातच पुसली गेली. टॅन इन्व्हर्सला मिळतो तो नुसता −१.३३३, आणि त्यावरून तो नेहमी −९०° ते ९०° मधलाच कोन देतो, म्हणजे उभ्या अक्षाच्या उजवीकडचा. तुमचं ५ ∠ −५३.१३° (लांबी ५, कोन −५३.१३°) परत रेक्टँग्युलरमध्ये, म्हणजे आडवा-उभा भाग अशा रूपात, न्या: ३ − जे४ मिळेल. बरोबर उलट दिशेचा बिंदू.

इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या मुलांना मी हे शिकवतो तेव्हा कॅल्क्युलेटर आधी बाजूला ठेवायला लावतो. पहिल्यांदा बिंदू काढायचा, हाताने, कच्चा चालेल. तुमच्या बाबतीत ३ घरं डावीकडे, ४ घरं वर, म्हणजे दुसरं चरण. मग चिन्हं विसरून ४ भागिले ३ चा टॅन इन्व्हर्स घ्या: ५३.१३°. हा आडव्या अक्षापासूनचा कोन. बिंदू डावीकडे वर आहे म्हणून १८०° मधून तो वजा करायचा, १२६.८७°. डावीकडे खाली असता तर त्या १२६.८७° लाच उणे लावायचं. उजवीकडच्या बिंदूंना वर अधिक, खाली उणे, एवढंच. बिंदू अक्षावरच असेल तर भागाकाराच्या वाटेलाच जाऊ नका: −जे५ साठी शून्याने भागायची वेळ येते आणि कॅल्क्युलेटर एरर देतो, पण चित्रात तर दिसतंच की तो सरळ खाली आहे, −९०°.

−३ + जे४ सारख्या संमिश्र संख्येकडे असं प्रतलावरची दिशा म्हणून पाहणारा पहिला निबंध १७९७ साली कास्पर वेसेल यांनी डेन्मार्कच्या अकादमीपुढे मांडला. ते पेशाने जमिनीची मोजणी करणारे होते, आणि मला हे फार अर्थपूर्ण वाटतं. किती लांब आणि कुठल्या दिशेला, हे मोजणीदाराचे रोजचे दोन प्रश्न.

ही चूक पहिल्या सत्रात बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, त्यालाही कारण आहे. आर-एल किंवा आर-सी (रोधासोबत कॉइल किंवा कपॅसिटर असलेल्या) सर्किटच्या गणितात रोध कधी ऋण नसतो, त्यामुळे इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा एकूण विरोध; रोध हा त्याचा आडवा भाग) कायम उजव्या बाजूलाच राहतो आणि नुसता टॅन इन्व्हर्स चालून जातो. सवय तशीच पडते. मग थ्री-फेज येतं, म्हणजे एकमेकांपासून १२०° वर असलेली आर, वाय आणि बी अशी तीन व्होल्टेजेस. फेज व्होल्टेज २३० व्होल्ट असेल आणि आर फेज ०° वर धरला, तर बी फेज −११५ + जे१९९.२ होतो. सवयीने टॅन इन्व्हर्स दाबलं की −६०° येतं, आणि खरा कोन आहे १२०°. इथे चुकलात तर पुढची सगळी लाइन व्होल्टेजेस (दोन फेजमधली व्होल्टेजेस) चुकणार.

साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर बहुधा ‘पोल’ नावाचं फंक्शन असतं. त्यात −३ आणि ४ वेगवेगळे द्यायचे, मधे स्वल्पविराम. भागाकार करून द्यायचा नाही. दोन्ही चिन्हं शाबूत पोचतात म्हणून थेट १२६.८७° मिळतो. २.२१४ आला तर तो रेडियनमध्ये आहे, मोड बदला. संगणकावर हेच काम एटॅन-टू करतं, फक्त क्रम सांभाळा: एक्सेलमध्ये आडवा आकडा आधी, पायथनमध्ये उभा आधी.

आता −५ − जे१२ करून बघा. लांबी १३ येईल आणि कोन −११२.६२°. पुस्तकात २४७.३८° दिसला तर घाबरू नका, ३६०° चा एक पूर्ण फेरा मिळवलाय, दिशा तीच आहे.