जुन्या गाडीचा जॅक ओळखताना

प्रश्न (महाल) : वाड्याच्या माळ्यावर अडीच फुटी लोखंडी खांब सापडला. एका कडेला करवतीसारखे दाते आहेत, त्यावर वर-खाली सरकणारा जड भाग आणि पुढे वाकवलेला आकडा. हा जॅकच का? कोणत्या गाडीचा?

जॅकच, आणि बहुधा अमेरिकन गाडीचा. याला बंपर जॅक म्हणतात. आकडा बंपरखाली अडकवायचा आणि टॉमी, म्हणजे जॅकचा लोखंडी दांडा, दाबत राहायचं. खटका एकेक दाता चढत जातो आणि गाडी उचलली जाते. बाजूची छोटी कळ फिरवली की तसाच एकेक दाता उतरतो. जाड पोलादी बंपरांच्या काळात शेवरोले, डॉज, प्लिमथ अशा बहुतेकांच्या डिकीत हाच प्रकार असे, त्यामुळे खांबावरून गाडी कळणार नाही. आकडा पाहा. बंपरची गोलाई मॉडेलागणिक बदले, तसं आकड्याचं वळणही बदले. त्या वळणाचा पुठ्ठ्याचा साचा कापा आणि जुनी गाडी बाळगणाऱ्या कुणाकडे बंपरला लावून पाहा. आणखी एक, खांबाखाली पत्र्याची सुटी बैठक असते. माळा पुन्हा एकदा धुंडाळा, कारण बैठकीशिवाय हा जॅक अर्धाच.

प्रश्न (कामठी) : आमच्याकडच्या स्क्रू जॅकवर ‘१५ सीडब्ल्यूटी’ आणि ४ लाख २५ हजारांच्या पुढचा ब्रिटिश पेटंट क्रमांक आहे. पणजोबांच्या १९३२ च्या ऑस्टिनबरोबर तो विलायतेहून आला, असं घरात सांगतात.

सीडब्ल्यूटी म्हणजे हंड्रेडवेट. नावात शंभर असलं तरी ते ११२ पौंडांचं, म्हणजे सुमारे ५०.८ किलोचं माप. १५ हंड्रेडवेट म्हणजे ७६२ किलो. हलक्या मोटारीचं एक टोक उचलायला एवढी ताकद पुरते, म्हणून ऑस्टिनची आठवण इथवर जुळते.

पेटंट क्रमांक मात्र जुळत नाही. ब्रिटनने १९१६ मध्ये १,००,००१ पासून नवी मालिका सुरू केली. १९३० ची सुरुवात ३,२३,००० च्या आसपास झाली, १९३५ ची ४,२१,००० च्या आसपास. तुमचा क्रमांक १९३५ चा. जॅक त्या साली किंवा त्यानंतर घडला. १९३२ च्या गाडीबरोबर येणं शक्य नाही. मूळ जॅक हरवल्यावर हा विकत घेतला असेल किंवा पुढच्या गाडीतला असेल. पणजोबांच्या हातचा तो तरीही असू शकतो, तेव्हा जपून ठेवा. अशा घरगुती आठवणींत वस्तू बहुतेकदा खरी असते, साल तेवढं घसरतं.

अंगावरचं नाव पाहून निष्कर्ष काढू नका. ते बहुधा जॅक बनवणाऱ्याचं असतं, आणि तोच कारखाना अनेक मोटार कंपन्यांना माल पुरवी.

प्रश्न (सक्करदरा) : इतवारीच्या लोहा ओळीत कबाड्याकडे एक जॅक मिळाला. गुळगुळीत खांब, ना दाते ना आटे, बाजूला चौकोनी खुंटी. मॉरिस मायनरचा म्हणून दिला.

मायनरचा नाही. मायनरचा जॅकही बाजूने लागतो, पण तो स्क्रूवर चालतो. तुमचं वर्णन फोक्सवॅगन बीटलशी जुळतं. बीटलच्या दोन्ही अंगांना, मागच्या चाकाच्या पुढे, खाली चौकोनी नळी असते. खुंटी तिच्यात बसते आणि जॅक खांबाला घट्ट पकडत वर सरकतो. खुंटीची जाडी मोजा आणि एखाद्या बीटलच्या नळीत घालून पाहा.

प्रश्न (धरमपेठ) : गंज काढून जॅक वापरता येईल?

वापरू नका, निदान त्याच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आतून तडकलेलं असलं तरी वरून दिसत नाही. चाक बदलायला नवा जॅक घ्या. गंजासाठी रात्रभर रॉकेलमध्ये भिजवा आणि पितळी ब्रशने घासा. ग्राइंडर लावू नका, त्याने आधी अक्षरं जातात. घासल्यावर अक्षरांवर खडू चोळा आणि बाजूने टॉर्च धरून फोटो काढा. पुसट आकडेही वाचता येतात.