येळवस घरात, मग टेबलावर काय मांडावं?

प्रश्न : ताई, आम्ही लातुरात फ्लॅटमध्ये राहतो. शेत बटईनं दिलंय आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून औंदा येळवस (वेळ अमावस्या, एरवी शेतात जाऊन करायचा सण) घरीच करायची ठरली. पुण्याहून नणंद आणि तिची लेकरं येणार, सगळे टेबलावरच जेवतील. टेबलाच्या मधोमध घरीच, थोडक्या पैशात काय मांडता येईल? कागदी फुलं त्या दिवशी नकोशी वाटतात.

उत्तर : कोप करा, म्हणजे ज्वारीच्या वाळल्या धाटांची खोपटी. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडं शेताशेतांत कडब्याची कोप उभी राहते, तीच लहान करून टेबलावर आणा. पुण्याच्या लेकरांना येळवस म्हणजे काय, हे ती बघून जितकं कळेल तितकं सांगून कळणार नाही.

गावाकडून येणाऱ्या कुणाला तरी कडब्याची एक पेंढी आणायला सांगा, अर्धी तर उरेलच. त्यातली पाल्याची, सरळ धाटं निवडून सव्वा वितीची कापा. धाटाची साल हात कापते, तेव्हा हे काम लेकरांना देऊ नका. बसकं टोपलं घेऊन त्यात केळीचं पान अंथरा, वर मळलेली काळी माती चार बोटं थापा. नुसती काळी माती वाळली की भेगाळते आणि धाटं ढिली होतात, म्हणून मळतानाच मूठभर भुस्सा घाला. पाच-सहा धाटं गोलाकार, आत कललेली रोवा, शेंडे सुतळीनं बांधा, एका बाजूला तोंड मोकळं ठेवा आणि बाकी अंग पाल्यानं झाका. उंची बघायला कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरा. कोप मनगटाच्या वर गेली, तर समोरच्याचं तोंड दिसणार नाही आणि जेवताना बोलणं तुटेल.

कोपीभोवती त्या दिवसांत रानात जे असतं तेच ठेवा : तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचा पाला, बोरं, गाजरं, जांब, उसाची कांडकी. भज्जीसाठी, म्हणजे येळवसच्या मिसळ भाजीसाठी, गंजगोलाईच्या बाजारातून भाजी आणालच, त्यातलंच थोडं बाजूला काढा, वेगळा खर्च नको. जेवण झालं की लेकरं बोरं आणि ऊस तिथूनच उचलतील, आणि उचलू द्यावीत. हरभऱ्याचा पाला मात्र पितळेच्या परातीत घालू नका. त्याला आंब असते, पितळेवर डाग पडतात. सुपात किंवा मातीच्या ताटलीत तो बरा.

कोपीशेजारी आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मातीचं लहान मडकं, ठेवा. माझ्या मते टेबलाची खरी शोभा तेच, आणि सगळ्यांच्या हाताला येईल अशी जागाही तीच. बिंदगं नवं असेल तर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर कोरी माती आंबील पिऊन टाकते आणि टेबलावर ओल येते. खाली जुन्या घोंगडीचा तुकडा घाला.

एक गोष्ट आग्रहानं सांगते. पाच पांडव आणि लक्ष्मी टेबलावर मांडू नका. तिथं खरकटं सांडतं, ताटं सरकतात. चुन्यानं रंगवलेले पाच दगड देवघरापुढं पाटावर ठेवा, पूजा आणि निवद तिथंच होऊ द्या. सासूबाईंना खुर्चीवर बसूनही ती करता येईल. कोपीत किंवा जवळ पणतीही नको, वाळला कडबा एका ठिणगीनं पेटतो.

संध्याकाळी लेकरं हेंडगा, म्हणजे पेटवलेली कडब्याची पेंढी, मागतील. तो गच्चीत पेटवू नका. तुमच्या बटईदाराच्या घरची येळवस शेतात असेलच, त्यांना आधी फोन करून ठेवा आणि उरलेली अर्धी पेंढी घेऊन नणंदेला नि लेकरांना दुपार कलताच तिकडं धाडा. सोबत बाजरीचे उंडे आणि भज्जीचा डबाही द्या.