मिल्क चॉकलेटमध्ये दूध असतंच, मग मुलांना दुधाऐवजी एक बार दिला तर चालेल का?

नाही, मिल्क चॉकलेटचा बार दुधाची जागा घेऊ शकत नाही, कारण त्यात दुधापेक्षा साखर आणि चरबीच कितीतरी जास्त असते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यानुसार १०० ग्रॅम साध्या मिल्क चॉकलेटमध्ये सुमारे ५३५ कॅलरी, ३० ग्रॅम चरबी आणि ५१-५२ ग्रॅम साखर असते. म्हणजे निम्मा बार साखरच! ४० ग्रॅमच्या बारचा हिशोब असा:

- साखर: साधारण २० ग्रॅम (पाच चहाचे चमचे)
- चरबी: १२ ग्रॅम, त्यातली ७ ग्रॅम संपृक्त
- प्रथिनं: ३ ग्रॅम
- कॅल्शियम: ७५ मिलिग्रॅम

२०० मिलिलिटर दुधात कॅल्शियम याच्या साधारण तिप्पट आणि प्रथिनं दुप्पट मिळतात, तीही वरून घातलेल्या साखरेशिवाय. वेष्टनाच्या मागची घटकांची यादी एकदा नीट वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात आणि मिल्क चॉकलेटमध्ये बहुधा पहिलं नाव साखरेचंच दिसतं. थोडं लोह आणि थोडं कॅफीनही असतं, पण फार नाही.

एक लक्षात ठेवा, हे आकडे साध्या बारचे आहेत. वेफर, कॅरमेल किंवा शेंगदाणे घातलेल्या बारमध्ये ते बरेच बदलतात. शिवाय काही वेष्टनांवर आकडे अख्ख्या बारचे नसून दोन-चार तुकड्यांच्या 'एका सर्व्हिंग'चे असतात, तेव्हा आधी सर्व्हिंगचं वजन बघा.